पाहुण्यानं फिंजान हलवलं नाही

बखीतच्या घराण्याकडे पाचशे वर्षांपासून एक पाहुणा बसून होता आणि काही केल्या उठत नव्हता.

तसा तो मेलेला होता. पण शुमरा बेटावर माणूस मेला म्हणजे त्याचं पाहुणेपण संपलं, असं कुणी मानत नाही. तिथं पाहुणा उठतो तो फिंजान हलवून. फिंजान म्हणजे कहवा, वेलची घातलेली बिनदुधाची कॉफी, प्यायचा बिनकानाचा चिमुकला पेला. यजमानानं दल्ल्याच्या, म्हणजे कहव्याच्या किटलीच्या, चोचीतून त्यात घोटभर कहवा ओतायचा, पाहुण्यानं प्यायचा, यजमानानं पुन्हा ओतायचा. पुरे झालं की पाहुण्यानं रिकामं फिंजान दोन बोटांत धरून इकडून तिकडे हलवायचं आणि परत द्यायचं. तो हलवत नाही तोवर ओतत राहायचं. ‘पुरे का?’ असं विचारायचं नाही. ‘हलवा,’ असं तर चुकूनही सुचवायचं नाही, कारण त्याचा अर्थ ‘चालते व्हा’ असा होतो, आणि तसं बोलणाऱ्याच्या घराशी पुढे कुणी सोयरीक करत नाही.

बखीतचा मूळपुरुष तम्मान. त्याच्या काळात पोर्तुगालची दोन गलबतं बेटाच्या उत्तरेकडच्या खाडीत येऊन नांगरली. बेटकऱ्यांनी त्यांना बकऱ्या दिल्या, खजूर दिला, त्यांच्याकडून कापड घेतलं. महिनाभर सगळं गोडीगुलाबीनं चाललं. मग एका संध्याकाळी तम्मान मोठ्या गलबताच्या कप्तानाला म्हणाला, ‘बिलात येतोय. उत्तरेचा वारा. दक्षिणेला, डोंगराच्या आडोशाला जा.’ धाकट्या गलबतानं ऐकलं. मोठ्याचा कप्तान तम्मानच्या चटईवर बसून कहवा पीत होता. तो म्हणाला, आमचे नांगर लोखंडाचे आहेत. अर्धं प्यायलेलं फिंजान चटईवर ठेवलं, आलोच म्हणाला आणि गेला.

त्या रात्री बिलात आला. नांगर खरोखरच लोखंडाचे होते. ते जागचे हलले नाहीत. गलबत हललं.

सतरा प्रेतं किनाऱ्याला लागली, त्यांत कप्तानाचंही. बेटकऱ्यांनी ती खाडीच्या वरच्या अंगाला पुरली, वर दगड रचले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तम्मान घरात येऊन बघतो तर चटईवर फिंजान. अर्धं भरलेलं आणि न हलवलेलं. त्यानं बराच वेळ विचार केला. मग दल्ला उचलला आणि कबरींकडे गेला.

तेव्हापासून तम्मानच्या घराण्यातला थोरला पुरुष रोज सकाळी त्या दगडांवर एक फिंजान कहवा ओततो. मध्यंतरी मुख्य भूमीवरून आलेल्या एका नव्या इमामांनी या प्रकाराला हरकत घेतली होती. त्यांना समजावण्यात आलं की ही पूजा नव्हे, पाहुणचार आहे. इमामांनी थोडा विचार केला आणि मलाही एक द्या म्हणाले.

बखीतला हे काम आजोबांकडून मिळालं, कारण वडील समुद्रात गेले ते आलेच नाहीत. त्याला त्याचं कधी ओझं वाटलं नव्हतं. पण आता तो सदुसष्ट वर्षांचा होता. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकला होता की फिंजानात ओतलेला कहवा निम्मा अंगठ्यावर पडायचा. एकुलती एक मुलगी, तुफूल, सलालाला दिलेली. तिनं घरात बापासाठी एक खोली बांधली होती, खिडकी समुद्राकडे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नाव घालून ठेवलं होतं. नात चार वर्षांची झाली होती आणि आजोबा म्हणजे फोनमधला एक आवाज, अशी तिची समजूत होती.

बखीतला जायचं होतं. मनापासून जायचं होतं. पण पाहुण्याला तसाच बसवून यजमान घर सोडून कसा जाणार?

वारस शोधून झाला होता. एक पुतण्या मस्कतला होता. तो म्हणाला, रोज ठरल्या वेळी आपोआप कहवा ओतणारं यंत्र पाठवतो. शेजारी सुहैलला विचारून झालं होतं. पण तुफूलच्या लग्नाला बखीत दोन दिवस गेला तेव्हा सुहैलनं ही कामगिरी सांभाळली होती, आणि दुसऱ्या दिवशी कहवा संपला म्हणून कबरींवर चहा ओतला होता. दुधाचा.

‘‘त्यांनी काही तक्रार केली नाही,’’ सुहैल म्हणाला होता.

‘‘पाहुणे तक्रार करत नाहीत,’’ बखीत म्हणाला. ‘‘म्हणून तर ते पाहुणे.’’

तर अशा वेळी बेटावर पाणबुड्यांची तुकडी आली.

आली ती बखीतमुळेच. तरुणपणी तो त्या खाडीत सुफैले काढायला बुडी मारायचा. सुफैला म्हणजे खडकाला चिकटून बसणारा शिंपला. श्वास रोखून खाली जायचं आणि सुरीनं उचकटून काढायचा. अशाच एका बुडीत त्याला खडकांच्या घळीत दगडी गोळे दिसले होते, घोटीव, एका मापाचे. त्यांतला एक त्यानं वर आणला. पुढे चाळीस वर्षं तो वेलची कुटायच्या कामी आला. सुहैलनंही एक आणला. त्याच्या दाराला तो अटकाव म्हणून होता. मागच्या वर्षी मस्कतहून आलेल्या पुरातत्त्व खात्याच्या बाईंनी, त्यांचं नाव असीला, बखीतच्या घरी कहवा घेता घेता तो वेलचीचा गोळा पाहिला आणि फिंजान हातातच धरून राहिल्या.

‘‘काका, हा तोफेचा गोळा आहे.’’

‘‘असेल. वेलची चांगली कुटतो.’’

यंदा फेब्रुवारीत असीलाबाई एक मोठी सपाट बोट, नऊ माणसं आणि पुष्कळ सामान घेऊन परत आल्या. घळीवर दोऱ्यांची चौकट अंथरली. रोज सकाळी पाणबुडे खाली जायचे, एका जाड नळीनं वाळू ओढून काढायचे. रात्रीत समुद्र ती जागच्या जागी परत आणून टाकायचा. वस्तू सापडली की आधी तिचं चित्र, मग माप, मग क्रमांक, आणि मगच तिला हात. वर आली की लगेच पाण्याच्या पिंपात. कोरडी पडली तर भुगा होते म्हणे. ‘‘पाचशे वर्षं पाण्यातून बाहेर काढा म्हणून वाट बघायची,’’ सुहैल म्हणाला, ‘‘आणि काढल्यावर पुन्हा पाण्यात.’’ पण त्याच्या दाराच्या गोळ्यालाही क्रमांक मिळाल्यापासून तो जरा नरमला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, माझं दार सरकारदप्तरी आहे.

पहिल्याच दिवशी तो धापा टाकत बखीतकडे आला होता.

‘‘बखीत, तो मुख्य पाणबुड्या आहे ना, दाढीवाला, उंच. दुआर्ते नाव. कुठला आहे माहीत आहे?’’

‘‘कुठला?’’

‘‘पोर्तुगालचा.’’

बखीतच्या हातातला गोळा वेलचीवर जरा जोरात बसला.

दुपारी मशिदीच्या पायरीवर पाच म्हाताऱ्यांची बैठक झाली. प्रश्न असा की, एका पोर्तुगीज माणसानं बखीतच्या घरी कहवा घेऊन रीतसर फिंजान हलवलं, तर ते त्या कप्तानाच्या वतीनं धरायचं की नाही? एकजण म्हणाला, नातेवाईक पाहिजे. दुसरा म्हणाला, पाचशे वर्षांत कोण कुणाचा नातेवाईक नसतो. शेवटी ठरलं की धरायचं. मात्र त्यानं आपणहून हलवलं पाहिजे. कुणी सुचवलेलं असता कामा नये. असीलाबाईंकडूनही तसा शब्द घेण्यात आला.

‘‘काका, मी नाही सांगत,’’ असीलाबाई म्हणाल्या. ‘‘पण एक गोष्ट बोलू का? त्या काळी या किनाऱ्यावर कहवा पोचला होता की नाही, याची आम्हाला खात्री नाही.’’

‘‘मग तम्माननं काय ओतलं?’’

‘‘दूध असेल. उंटिणीचं.’’

बखीतनं हे दोन दिवस डोक्यात घोळवलं. दूध असेल तर मुळात फिंजान हलवायचा प्रश्नच येत नाही. दूध वाडग्यातून पितात आणि वाडगा कुणी हलवत नाही. म्हणजे वीस पिढ्या फुकट गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं हा विचार सोडून दिला. जे ओतलं ते ओतलं, आणि पाहुणा ‘आलोच’ म्हणाला होता, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

दुआर्ते मात्र त्या पहिल्याच संध्याकाळी आला. दारात चपला काढल्या, उजव्या हातानं फिंजान घेतलं, मस्कतमध्ये पाच वर्षं काढलेल्या माणसाच्या अरबीत सगळ्यांची खुशाली विचारली, कबरींची गोष्ट बखीतच्या तोंडून ऐकून घेतली. उत्तम पाहुणा. फक्त फिंजान रिकामं झालं की तो ते तसंच पुढे धरायचा.

बखीतनं ओतलं. तो प्यायला. बखीतनं ओतलं. ओसरीवरच्या बाकीच्यांनी तीन तीन प्यायल्यावर हलवून दिलं होतं. दुआर्ते अकरा प्यायला. मग बोटीवरून कुणीतरी हाक मारली म्हणून उठला, फिंजान चटईवर ठेवलं आणि म्हणाला, ‘‘उद्या येतो.’’

 सुहैलनं चटईवरच्या फिंजानाकडे बोट दाखवलं. अर्धं भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तेरा. तिसऱ्या दिवशी अकरा. त्या दिवशी त्याचं पोट बरं नव्हतं. बखीत दल्ला जड झाला की तो दुसऱ्या हातात घ्यायचा आणि पुन्हा ओतायचा. पाहुणचाराला कमी पडेल असा तो नव्हता. पण घरातला कहवा आटत चालला होता, आणि दुआर्तेच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

‘‘हा झोपतो कधी?’’ सुहैल कुजबुजला.

‘‘कदाचित त्यांच्यात इतका पितात.’’

‘‘असीलाबाई म्हणतात, रात्रभर तो बोटीवर फेऱ्या मारतो. कालच्या रात्रीत त्यानं सगळे दोर वळून ठेवले. न सांगता.’’

एकदा तर जवळजवळ जमलंच होतं. दोन तास पाण्याखाली राहून दुआर्ते थेट ओसरीवर आला. ओठ निळे, अंगावर टॉवेल. चौथं फिंजान त्याच्या हातात होतं आणि ते हलायला लागलं. इकडून तिकडे. स्पष्ट. ओसरीवरच्या पाचही म्हाताऱ्यांनी श्वास धरला.

‘‘हललं,’’ सुहैल म्हणाला.

बखीतला दिसत नव्हतं, पण पेल्याचे काठ बोटातल्या अंगठीवर वाजताना त्याला ऐकू येत होतं. ते ऐकता ऐकता त्याला सलालाची खिडकी दिसली, नातीचे हात दिसले. मनात आलं, घ्यावं परत. कोण विचारणार आहे?

‘‘थंडीनं हललं,’’ तो म्हणाला. ‘‘माणसानं नाही हलवलं.’’ आणि त्यानं ओतलं.

त्या रात्री सुहैल घरी जाताना म्हणाला, ‘‘मूर्ख आहेस.’’

‘‘आहे.’’

‘‘सांगून ठेवतो, मी असतो तर घेतलं असतं.’’

‘‘तू चहा ओतलास, सुहैल. तुझं कशाला काढतोस?’’

एकविसाव्या दिवशी घळीत एका मोठ्या खडकाखाली घंटा दिसली. गलबताची घंटा. तिच्यावर काहीतरी कोरलेलं आहे, असं दुआर्ते म्हणाला. ते वाचता आलं तर गलबताचं नाव कळेल, वर्ष कळेल, कबरीतल्या माणसांची नावं निदान कुठे शोधायची ते तरी कळेल. खडक उचलायला दोन दिवस लागणार होते. परवान्याचे चार उरले होते. बोटीवर सगळे एकमेकांशी जरा मोठ्यानं बोलत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे बखीत कबरींवर कहवा ओतून परत फिरला आणि थांबला. नाक वर केलं. समुद्राच्या वासात दुसरा एक वास होता. कोरडा, मातकट, मुख्य भूमीवरच्या पठाराचा. पाणी गुळगुळीत होतं. पाणकावळे रोज उत्तरेच्या कड्यावर बसायचे. आज त्यांची कलकल दक्षिणेकडून येत होती.

तो तसाच किनाऱ्यावर उभा राहिला. सांगायचं तर होतंच. पण तम्मानपासून आजपर्यंत त्याच्या घराण्यात ही गोष्ट एकदाच सांगितली गेली होती, आणि तिचं काय झालं ते दगडांच्या ज्या सतरा राशी सांगत होत्या, त्यांच्यावर तो नुकताच कहवा ओतून आला होता.

तो सुहैलच्या होडीतून बोटीवर गेला. दुआर्ते पाठीवर नळकांडी बांधत होता.

‘‘दुआर्ते,’’ बखीत म्हणाला, ‘‘बिलात येतोय. आज संध्याकाळच्या आत. बोट दक्षिणेला ने.’’

दुआर्तेनं असीलाबाईंकडे पाहिलं. असीलाबाईंनी पडद्यावर पाहिलं. पडद्यावर तीन दिवसांसाठी तीन सूर्य होते, आणि तिन्ही हसत होते.

‘‘काका, इथं तर काहीच नाही,’’ असीलाबाई म्हणाल्या.

‘‘त्याला वास येत नसेल,’’ बखीत म्हणाला.

 खाली खडकाखाली घंटा होती, वर तीन दिवस होते. बोट हलवायची म्हणजे चौकट सोडायची, नळ्या गुंडाळायच्या, पिंपं बांधायची. अख्खा दिवस जाणार, आणि वारा आला नाही तर पुन्हा अख्खा दिवस मांडायला. बखीतला हे सगळं कळत होतं. सांगणाऱ्यानं एकदा सांगायचं असतं. 

‘‘आमच्या बोटीचे नांगर चांगले आहेत,’’ तुकडीतला कुणीतरी म्हणाला.

दुआर्तेनं त्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं. मग पाठीवरचं नळकांडं सोडून खाली ठेवलं.

‘‘नळ्या गुंडाळा,’’ तो म्हणाला. ‘‘घंटा पाचशे वर्षं तिथंच आहे. उठून कुठे जाणार?’’

बखीत सुहैलच्या होडीकडे वळला.  

‘‘ऐकलं त्यानं,’’ परत येताना तो सुहैलला म्हणाला.

‘‘हो.’’

‘‘लगेच ऐकलं.’’

‘‘अरे हो. आता दहादा सांगू नकोस. आणि वारा नाही आला तर?’’

‘‘तर काय,’’ बखीत म्हणाला. ‘‘ऐकलं तर खरं.’’

वारा आला. दुपारच्या नमाजानंतर उत्तरेचं आकाश पिवळं झालं आणि मग बेटावर कुणीतरी पोतं झटकावं तशी वाळू आली. खाडीत लाटा घळीवरून थेट कड्यावर आपटत होत्या. सुहैलच्या दाराचा सरकारी गोळा दारासकट अंगणात गेला. बोट मात्र दक्षिणेला डोंगराच्या आडोशाला शांत डुलत होती, आणि नऊच्या नऊ माणसं बखीतच्या घरात भात आणि सुकवलेली मुशी खात बसली होती.

जेवणं झाली. कहवा आला. सगळ्यांनी दोन दोन, तीन तीन पिऊन हलवून दिली. दुआर्तेचं सहावं चालू होतं तेव्हा फोन वाजला.

बखीतला बटणं दिसत नसत, म्हणून सुहैलनं तो फोन कायमचा मोठ्या आवाजावर करून ठेवला होता.

‘‘बाबा,’’ तुफूलचा आवाज खोलीभर झाला, ‘‘वारा आलाय ना तिकडे? बरे आहात ना?’’

‘‘बरा आहे. ऐक, आत्ता—’’

‘‘डॉक्टरांनी पुढचा महिना दिलाय. मी नाही म्हणाले नाहीये. खोलीत पलंग आलाय. पण मला आधी सांगा, त्या तुमच्या पोर्तुगिजानं फिंजान हलवलं का?’’

‘‘तुफूल—’’

‘‘तीन आठवडे झाले बाबा. त्याला पोट आहे की टाकी? माझी मुलगी विचारते, आजोबा कधी येणार. तिला काय सांगू, एका माणसाचा कहवा संपत नाही म्हणून? पाचशे वर्षं तुम्ही लोक ओतताय. त्यानं एकदा हात हलवला तर तुमची सुटका होईल, आणि तो बसलाय घटाघटा पीत. आणि तुम्ही सांगणार नाही. मला माहीत आहे, तुम्ही मराल पण सांगणार नाही. हॅलो? बाबा? कुणी आहे का तिथं?’’

खोलीत दहाबारा माणसं होती. त्यांच्यातला कुणीही तिथं नव्हता असं सगळ्यांनी तोंड केलं होतं. असीलाबाई छताकडे पाहत होत्या.

‘‘नंतर बोलतो,’’ बखीत म्हणाला आणि बटण शोधू लागला. ते त्याला सापडेना. शेवटी फोन त्यानं उशीखाली घातला. उशीखालून तुफूल आणखी थोडा वेळ बोलत राहिली.

बखीतचे कान तापले होते. पाहुण्यासमोर असं व्हावं. साठ वर्षांत त्याच्या घरात असं झालं नव्हतं. त्याला दुसरं काही सुचेना म्हणून त्यानं दल्ला उचलला.

‘‘काका,’’ दुआर्ते म्हणाला, ‘‘थांबा.’’

‘‘तिचं मनावर घेऊ नका. ती लहानपणापासून तशीच आहे.’’

‘‘हलवायचं असतं ते मला माहीत होतं.’’

दल्ला हवेतच राहिला.

‘‘पहिल्याच संध्याकाळी बघितलं. सगळे हलवत होते. मस्कतमध्येही हलवतात. पण तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, आमचा माणूस अर्धं टाकून गेला, आणि तुम्ही वीस पिढ्या त्याच्यासाठी ओतताय. मला वाटलं, आमच्याकडून कुणी साधं बरं झालं म्हणालं नाही, आणि मी येऊन पहिल्याच दिवशी पुरे म्हणू? ते कसं दिसेल? म्हटलं, त्यानं जेवढं टाकलं तेवढं आपण पिऊन टाकू.’’ त्यानं डोळे चोळले. ‘‘पाचशे वर्षांचं आहे. मी हिशेब केला होता. खूप होत होतं. पण म्हटलं, बघू कुठपर्यंत जमतं.’’

सुहैल हसायला लागला तो थांबेना. त्याला पाठीत बुक्के घालून पाणी पाजावं लागलं.

‘‘म्हणजे हा तुझ्यासाठी पितोय,’’ तो कसंबसं म्हणाला, ‘‘आणि तू त्याच्यासाठी ओततोयस.’’

‘‘झोप येत नाही, काका,’’ दुआर्ते म्हणाला. ‘‘तीन आठवडे.’’

बखीतनं दल्ला खाली ठेवला. त्याला हसायचं होतं, पण ओठ हवे तसे वळेनात.

‘‘मग आता हलव,’’ सुहैल म्हणाला. ‘‘मी यजमान नाही. मला सांगायला चालतं.’’

‘‘इथं नको,’’ दुआर्ते म्हणाला. ‘‘सकाळी. तिथं.’’

सकाळी वारा पडला होता. घळीवर पुरुषभर नवी वाळू चढली होती. घंटा पुन्हा खाली, खडकासकट. पुढच्या वर्षी परवाना मिळाला तर, असं असीलाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फारसा पडलेला नव्हता. बोट होती, माणसं होती, पिंपांतले सगळे क्रमांक जागेवर होते.

कबरींपाशी अख्खं गाव जमलं होतं. बखीतनं ओतलं. दुआर्तेनं फिंजान दोन्ही हातांत धरलं आणि तो दगडांकडे तोंड करून पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला. कुणाला एक शब्द कळला नाही, पण कुणी खोकलंही नाही. मग तो वळला.

‘‘बखीतकाका, तुम्ही पुरलंत आमच्या लोकांना. सोबत केलीत. आणि काल पुन्हा सांगायला आलात, गेल्या वेळी कुणी ऐकलं नव्हतं तरी. आमचे हे सतरा, आणि बोटीवरचे आम्ही नऊ. सगळ्यांच्या वतीनं. पोट भरलं. फार उपकार झाले.’’

तो शेवटचा घोट प्यायला. रिकामं फिंजान दोन बोटांत धरलं आणि हलवलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. जरा जास्तच वेळ हलवलं. पाचशे वर्षांचं राहून गेलेलं असल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

बखीतनं ते परत घेतलं.

आता घरी जायचं होतं, पण त्याचा पाय निघेना. लोक पांगले. सुहैल त्याची वाट बघत दूर दगडावर बसला. बायको गेल्यापासून रोज पहाटे कुणाकडे तरी जायचं, दोन शब्द बोलायचे — बकरी व्यायली, गुडघा दुखतो, तुफूलचा फोन आला होता — हे सगळं त्यानं याच दगडांना सांगितलं होतं. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नव्हतं. इतका सोशीक पाहुणा कुणाच्या नशिबी येतो?

‘‘आलात, बरं वाटलं,’’ तो त्यांना म्हणाला. ‘‘घर भरलेलं राहिलं.’’

मग फिंजान खिशात घातलं आणि निघाला.

‘‘काय बोलत होतास?’’ सुहैलनं विचारलं.

‘‘निरोप दिला.’’

‘‘आता उद्या सकाळी काय करशील?’’

बखीतनं याचा विचार केलेला नव्हता. ‘‘झोपेन,’’ तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो पहाटेच उठला, कहवा केला आणि स्वतःच प्यायला. दुआर्ते मात्र दुपारी दोनपर्यंत झोपला. त्याला उठवायला कुणी गेलं नाही.

पुढच्या महिन्यात सुहैलनं बखीतला होडीतून मुख्य भूमीवरच्या हासिकपर्यंत सोडलं. तिथून जावयाची गाडी आली होती. सामान थोडंच होतं. वेलचीच्या गोळ्याला आता सरकारी क्रमांक असल्यामुळे तो बेटाबाहेर नेता येत नव्हता; बखीतनं तो सुहैलकडे दिला, दाराला एकाचे दोन झाले.

सलालात तुफूलनं त्याला समुद्राकडच्या खिडकीपाशी बसवलं. नात दाराआडून बघत होती की फोनमधल्या आवाजाला पाय असतात का. तुफूलनं कहवा आणला, घरच्या रीतीनं. बखीतच्या हातात फिंजान दिलं, ओतलं. तो प्यायला. तिनं ओतलं. तो प्यायला. तिसरं झालं. चौथं झालं. पाचव्याला तुफूल थांबली.

‘‘बाबा, पुरे का?’’

‘‘असं विचारतात का कधी पाहुण्याला?’’ बखीत म्हणाला, आणि त्यानं फिंजान तसंच, न हलवता, पुढे धरलं.